पांढरी जागा राखणारे

बाग म्हटली की आपल्या मनात आधी पाणी येते. विहीर, मोट, पाट, आळे आणि संध्याकाळी झारीने भिजवलेल्या मातीचा वास, एवढे सगळे त्या एका शब्दात सामावलेले असते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून एक जपानी बाग उभी आहे, तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे. तीही पाण्याचीच बाग. ओकायामा येथील कोराकुएन ही तीनशे वर्षांहून जुनी बाग नजरेसमोर ठेवून ती आखली गेली. वळणे घेत जाणारा प्रवाह, त्यावरचे छोटे पूल, हिरवळीचे उंचवटे आणि काठाकाठाने रेंगाळणारी माणसे असे तिचे रूप. आपल्याकडच्या पुष्कळांना जपानी बाग ठाऊक आहे ती अशी.

परंतु त्याच देशात बागेचा आणखी एक प्रकार आहे. अशा बागेत पाण्याचा थेंब नसतो, फुलझाड बहुधा नसते, बसायला बाक नसतो आणि आत पाऊलही टाकायचे नसते. ओसरीवर बसून नुसते पाहायचे. समोर असते पांढरी वाळू, तिच्यावर ओढलेल्या रेघा आणि काही दगड. त्या वाळूला कोणी सागर म्हणतो, कोणी नदी म्हणतो, कोणी ढग म्हणतो. या प्रकाराचे नाव 'कारेसान्सुई'. 'सान्सुई' म्हणजे डोंगर आणि पाणी, अर्थात निसर्गदृश्य. आणि 'कारे' म्हणजे सुकलेले. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या बागरचनेवरच्या ग्रंथात हा शब्द आलेला आहे. जिथे तळे नाही, ओहोळ नाही, तिथे दगड मांडण्याची जी रीत, तिला तो ग्रंथ हे नाव देतो. पुढे चार-पाच शतकांनी क्योतोच्या झेन मठांच्या आवारात या प्रकाराला आज आपण पाहतो ते रूप आले.

या बागांतल्या दगडांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावेसे वाटते ते वाळूविषयी. छायाचित्र पाहताना तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि बागेत तिच्याइतके काम दुसऱ्या कशालाच लागत नाही.

तसा 'वाळू' हा शब्द सैलच आहे. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू इथे चालत नाही. तिचे कण घासून घासून गोल झालेले असतात. रेघ ओढली की कडा ढासळते आणि वारा आला की रेघच उडून जाते. क्योतोच्या मठांत जी वापरतात ती खरे तर ग्रॅनाइटची बारीक खडी होय. तिला 'शिराकावा-सुना' म्हणतात. 'शिराकावा' म्हणजे पांढरी नदी आणि 'सुना' म्हणजे वाळू. ही नदी लहानशीच, आपल्याकडे जिला ओढा म्हणतील एवढी. शहराच्या ईशान्येला हिएई पर्वत आहे आणि त्याच्या दक्षिणेला दाइमोंजीचा डोंगर. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या दोहोंच्या मध्ये ग्रॅनाइटचा तप्त रस खालून वर घुसला. त्याच्या कडेचे खडक त्या उष्णतेने भाजून कणखर झाले आणि मधला ग्रॅनाइट मात्र उन्हापावसाने सुटत, झिजत गेला. कणखर खडकांची दोन शिखरे उरली आणि मधला भाग खोलगट झाला. त्या झिजलेल्या ग्रॅनाइटचे कण ही नदी शतकानुशतके खाली आणत राहिली. काळ्या बसाल्टच्या दख्खनमधून गेलेल्या माणसाला ही पांढरी नदी पाहून नवल वाटते. आपल्याकडे नद्यांची वाळू बहुधा काळपट. तिथे नदीने शहराला जणू चुना पुरवावा तशी पांढरी खडी पुरवली.

मूठभर खडी तळहातावर घेऊन पाहिली, तर ती मुळी पांढरी नसतेच. पांढरा फेल्डस्पार, करडी गारगोटी आणि काळ्या अभ्रकाचे ठिपके असे तिघांचे ते मिश्रण. म्हणून तिचा पांढरा डोळ्यांत खुपत नाही. भर दुपारच्या उन्हातही तो मऊ राहतो आणि पाऊस पडला की सगळी बाग करडी होऊन जाते. कण कोनाकोनांचे असल्यामुळे एकमेकांत अडकून बसतात, आणि म्हणूनच दंताळ्याने ओढलेली सरी उभी राहते. सरीची एक बाजू उजळते, दुसरीवर सावली पडते. एकाच रंगाच्या पदार्थातून केवळ उंचसखलपणाने रेषा निर्माण करणे म्हणजे उठावशिल्पाचेच काम आहे. फरक एवढाच की ते इथे जमिनीवर, उघड्या आभाळाखाली केलेले असते.

या पांढऱ्या खडीचा जन्म बागेसाठी झालेला नाही. जपानी देवस्थानांत फार जुन्या काळापासून जमीन झाडून, स्वच्छ करून, तिच्यावर पांढरे गोटे किंवा वाळू पसरण्याची चाल आहे. जिथे दैवत उतरायचे ती जागा मोकळी आणि निर्मळ असली पाहिजे, ही त्यामागची भावना. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचे २०१३ साली झाले. त्या वेळी परिसरातील नागरिक नदीतले पांढरे गोटे गोळा करून आणतात आणि नव्या मंदिराभोवती आपल्या हाताने ठेवतात. क्योतोतल्या कामिगामो देवस्थानात एका सभामंडपासमोर वाळूचे दोन शंकू उभे केलेले आहेत. दैवत ज्या डोंगरावर उतरले त्याची ती प्रतिकृती. एका शंकूच्या टोकावर तीन काड्यांची पाइनची पाने खोचलेली असतात, दुसऱ्यावर दोन काड्यांची. सम्राटाच्या जुन्या राजवाड्यातही मुख्य दालनासमोरचे दक्षिणेकडचे प्रांगण पांढऱ्या खडीचेच आहे. तिथे समारंभ होत. झेन मठांतही मठाधिपतीच्या दालनापुढचे अंगण असेच समारंभांसाठी मोकळे राखलेले असे. पुढे समारंभ आत गेले, अंगणाला काम उरले नाही, आणि त्या रिकाम्या पांढऱ्या चौकोनात दगड येऊन बसले. म्हणजे क्रम असा की आधी मोकळी जागा होती आणि बाग मागाहून आली. चित्रकाराला हा क्रम ओळखीचा वाटेल. त्याच्याही पुढ्यात आधी कोरा कागदच असतो.

त्या खडीचा एक अगदी व्यावहारिक उपयोगही सांगायला हवा. जपानी घराचे छप्पर खोल आणि पुढे आलेले, त्यामुळे आतली दालने काळोखी. अंगणातल्या पांढऱ्या खडीवर पडलेला उजेड छताच्या खालच्या बाजूने आत परततो आणि खोलीत एक निवळ प्रकाश पसरतो. दिवे नव्हते त्या काळी हा उजेड मोलाचा होता.

र्‍योआन-जीची बाग मी पाहिली तेव्हा ओसरीवर गर्दी होती. हा मठ १४५० साली स्थापन झाला, ओनिनच्या यादवी युद्धात जळाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभा राहिला. बाग लांबीला सुमारे पंचवीस मीटर आणि रुंदीला दहा मीटर, म्हणजे एखाद्या बऱ्या वर्गखोलीला दोनतीनदा लांबवावे एवढीच. पंधरा दगड पाच गटांत मांडलेले आहेत. ओसरीवर कुठेही बसा, एक दगड दुसऱ्याआड जातोच आणि एका वेळी चौदाच दिसतात. लोक बोट दाखवून दगड मोजत होते. मीही मोजले. मोजून झाल्यावर करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा नजर आपोआप मधल्या मोकळ्या जागेवर येऊन स्थिरावली. लांबीला समांतर ओढलेल्या रेघा आणि दगडांभोवती फिरलेली वर्तुळे. खडीचा तो पट्टा काढून तिथे हिरवळ लावली तर ते दगड नुसते दगड राहतील, हे तिथे बसल्यावर स्पष्ट कळते. त्यांना बेटे करणारी ती वाळू आहे.

जपानी चित्रकलेत 'योहाकु' असा एक शब्द आहे. शाईच्या चित्रात कागदाचा जो भाग कोरा ठेवतात, तो योहाकु, उरलेला पांढरा. धुके, पाणी, आभाळ हे सारे त्या कोऱ्या भागातच असते. दाइतोकु-जीच्या परिसरातल्या दाइसेन-इन या मठात (स्थापना १५०९) ही शाईची चित्रकला अक्षरशः जमिनीवर उतरलेली आहे. कोपऱ्यात उभ्या दगडांचा डोंगर, त्यातून वाळूचा धबधबा, मग वाळूची नदी, आणि शेवटी दक्षिणेच्या अंगणात नुसत्या वाळूचा सागर. त्या सागरात वाळूचेच दोन शंकू, बाकी काही नाही.

आपल्या कलाशिक्षणातही याच्याशी नाते सांगणारी एक गोष्ट आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. तो राखायचा असतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगून पटत नाही. हात सगळीकडे फिरतो, कागद भरतो आणि मग भिंतीवरचे ऊन कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. 'पांढरा राखणे' हा शब्दप्रयोग आमच्या वर्गांत इतका रुळलेला आहे की त्यातल्या 'राखणे' या क्रियापदाकडे कोणाचे लक्षही जात नाही. गुराखी गुरे राखतो, जागल्या शेत राखतो. राखणे म्हणजे जागत राहणे. त्या वाळूकडे पाहताना हे क्रियापद मला पहिल्यांदा त्याच्या पुऱ्या वजनासह ऐकू आले.

त्याचे कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेले काम. शहराच्या पूर्वेला एक छोटासा मठ आहे. तिथे शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने विचारून ठेवले होते म्हणून दार उघडण्याआधी आम्हांला ओसरीच्या टोकाशी बसू दिले. एक वयस्क गृहस्थ आले. अंगात निळे सुती कपडे, पायात अंगठा वेगळा असलेले कापडी बूट. त्यांनी आधी वाळूवर पडलेली पाने एकेक करून हाताने उचलली, कारण खराटा मारला असता तर खडी विस्कटली असती. मग जुन्या सऱ्या फळीच्या कडेने मोडून सपाट केल्या. मग लाकडी दंताळे घेऊन प्रथम दगडांभोवतीची वर्तुळे काढली, आणि त्यानंतर लांबच लांब सरळ सऱ्या. ते उलटे, मागे मागे चालत होते. प्रत्येक पाऊल वाळूत उमटे आणि लगेच दंताळ्याखाली नाहीसे होई. तासाभराने ते कडेच्या दगडी पट्टीवर उतरले, तेव्हा त्या अंगणात कोणी माणूस येऊन गेल्याची एकही खूण नव्हती.

मी त्या मुलीकरवी विचारले, "हे किती दिवस टिकते?"

ते म्हणाले, "पाऊस येईपर्यंत."

"आणि पाऊस आला नाही तर?"

"मांजर येते," ते म्हणाले आणि दंताळे खांद्यावर टाकून निघून गेले.

वाळूवरच्या या रेघांना 'सामोन' म्हणतात, किंवा 'होकिमे', म्हणजे खराट्याच्या खुणा. तुरळक तरंग, भोवरे, खवल्यांसारख्या एकावर एक चढलेल्या लाटा, चौकटी अशी त्यांची ठरलेली रूपे आणि नावे आहेत. होनेन-इन या मठाच्या दारातून आत गेले की वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळूचे दोन आयताकार ओटे लागतात. त्यांच्यामधून जाणे म्हणजे पाण्याने शुद्ध होणे. त्या ओट्यांवरची नक्षी बदलत असते. गिन्काकु-जीमध्ये तर वाळू जमीन सोडून वर आलेली आहे. तिथे लाटांसारख्या पट्ट्यांचा एक उंच पसरट थर आहे, त्याला रुपेरी वाळूचा सागर म्हणतात, आणि त्याच्याशेजारी शेंडा कापलेला सुमारे पावणेदोन मीटर उंचीचा वाळूचा शंकू. हा वाडा शोगुन आशिकागा योशिमासा याने १४८२ साली बांधायला घेतला. वाळूची ही दोन रूपे मात्र त्याच्यानंतर पुष्कळ काळाने, एदो राजवटीत आली. पण मुद्दा असा की तो शंकू आज आपण पाहतो तो तेव्हाचा नव्हे. वाळूचा शंकू शंभर वर्षे टिकत नाही. तो ढासळतो आणि पुन्हा रचला जातो. तिथे जुना आहे तो फक्त रचण्याचा परिपाठ. आपल्या दारातली रांगोळीही अशीच पांढऱ्या दगडाची पूड, आज काढायची आणि उद्या पुसायची; म्हणून मराठी बाईला हे समजायला फार लांब जावे लागत नाही.

आता प्रश्न असा की ही जागा राखली कोणी? मठाधिपतींची नावे इतिहासात आहेत, शोगुनांची आहेत. वाळू कोणी वाहिली, दगड कोणी ओढले?

याचे उत्तर मिळते आणि ते मराठी वाचकाला चटका लावणारे आहे. मध्ययुगीन क्योतोत 'कावारामोनो' नावाचे लोक होते. 'कावारा' म्हणजे नदीकाठची गोट्यांची पडीक जमीन. 'मोनो' म्हणजे माणसे. नदीच्या पात्रालगतच्या त्या जमिनीवर कर नव्हता, म्हणून ज्यांना गावात जागा नव्हती ते तिथे राहत. मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे ही त्यांची कामे. मृत्यूशी आणि कातड्याशी संबंध म्हणून ते अपवित्र मानलेले. आपल्याकडे याला काय म्हणत आणि अशांना गावाच्या कोणत्या बाजूला राहावे लागे, हे मी सांगायला नको. माती, दगड आणि झाडे हलवण्याचे कसब याच लोकांपाशी होते, म्हणून बागांचे कामही त्यांच्याकडे आले. आणि पंधराव्या शतकापर्यंत त्यांच्यातून असे जाणकार निपजले की मठाधिपती आणि सरदार त्यांचा सल्ला घेऊ लागले. देवाच्या आणि मठाच्या दारातली शुद्धतेची खूण असलेली ती पांढरी जमीन ज्यांनी घडवली, त्यांनाच समाजाने अशुद्ध ठरवलेले होते!

त्यांच्यातले सर्वांत मोठे नाव झेन्आमी याचे. योशिमासाचा हा आवडता बागकार. तो आजारी पडला तेव्हा शोगुनाने त्याच्यासाठी औषध पाठवल्याची नोंद त्या काळच्या रोजनिशीत आहे. तो १४८२ साली वृद्धापकाळी वारला. त्याचा नातू माताशिरो हाही बागा रचणारा आणि विचारी माणूस. एका झेन मठाच्या १४८९ सालच्या रोजनिशीत त्याचे बोलणे टिपून ठेवलेले आहे. खाटकांच्या कुळात जन्म आला याचे आपल्याला मनापासून दुःख आहे, म्हणून आपण जीव घ्यायचा नाही आणि धनाचा लोभ धरायचा नाही अशी शपथ घेतली आहे, असे तो त्या भिक्षूला सांगतो. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे बोलणे वाचताना मला ते उतरवून घेणाऱ्या भिक्षूचेही कौतुक वाटले आणि त्याचबरोबर मन खट्टूही झाले. ज्याच्या हातांनी इतरांसाठी शांतीची जागा तयार केली, त्याला स्वतःच्या जन्माची खंत करावी लागली, आणि ती त्याला आपल्या आचरणाने भरून काढावीशी वाटली. ज्यांनी त्याला खंत करायला लावली, त्यांनी मात्र ओसरीवर बसून शांतीचा लाभ घेतला.

र्‍योआन-जीच्या एका दगडाच्या मागच्या बाजूला, ओसरीवरून दिसणार नाही अशा ठिकाणी, दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो असे वाचता येते. दुसरे झिजलेले आहे. हे नदीकाठचेच कारागीर असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. बाग कोणी रचली याविषयी मठाची आणि पंडितांची कितीएक मते आहेत. पण प्रत्यक्ष दगडावर नाव आहे ते या दोघांचे. कलेच्या इतिहासात सही उजव्या कोपऱ्यात खाली करतात असे आपण शिकतो. या दोघांनी ती पाठीमागे केली.

शिराकावा नदी डोंगरातून उतरून शहरात आली की ओकाझाकी नावाच्या भागातून जाते. तिथल्या एका सभागृहात ३ मार्च १९२२ या दिवशी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील लोकांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. सरकारने १८७१ सालीच कायद्याने हा भेद रद्द केला होता, पण व्यवहारात तो चालूच होता. संघटनेचे नाव 'सुइहेइशा'. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागासारखे समतल. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याकडे महाडच्या तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर पाण्यालाच हात घालणार होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. तारखा फक्त शेजारी ठेवते. पण शेकडो वर्षे ज्यांच्या पूर्वजांसारख्यांनी वाळूतून समतल पाणी निर्माण केले, त्यांनी समतेला नाव शोधताना पाण्याची पातळीच निवडावी, हे वाचल्यापासून मला ती पांढरी जमीन निव्वळ ध्यानाचा विषय म्हणून पाहता येत नाही.

'झेन बाग' हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. तो जपानी ग्रंथांतून आलेला नाही. लोरेन कक या अमेरिकन लेखिकेने १९३५ साली क्योतोच्या बागांवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तो वापरला आणि तिथून तो जगभर गेला. त्या शब्दाबरोबर एक गूढतेचे वलयही आले. १७९९ साली छापलेल्या क्योतोच्या बागांच्या सचित्र मार्गदर्शिकेत र्‍योआन-जीचे चित्र आहे, त्यात पाहुणे मंडळी खुशाल वाळूवर उतरून हिंडताना दाखवली आहेत! म्हणजे ती वाळू अस्पर्श असावी हा दंडकही अनादी काळापासूनचा नाही. ती पायांखाली तुडवली जात होती आणि पुन्हा सारखी केली जात होती. सारखी करणारे तेवढे चित्रात नाहीत.

विसाव्या शतकातल्या कलावंतांनी या वाळूकडून काय घेतले हे पाहणेही आपल्यासारख्यांना उपयोगाचे आहे. मिरेइ शिगेमोरी (१८९६ ते १९७५) हा मुळात चित्रकलेचे शिक्षण घेतलेला. फ्रेंच चित्रकार मिले याच्यावरून त्याने आपले नाव मिरेइ केले. १९३४ सालच्या चक्रीवादळात क्योतोच्या पुष्कळ बागांची नासधूस झाली, तेव्हा त्याने देशभर फिरून जुन्या बागांची मोजमापे घेतली आणि सव्वीस खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९३९ साली तोफुकु-जी मठाची बाग त्याने रचली. मठाची अट अशी की आवारातले काही वाया जाता कामा नये. त्याने जुन्या खांबांच्या बैठकीचे दगड घेऊन वाळूत सप्तर्षी मांडले आणि जुन्या फरशा शेवाळात चौकटीसारख्या बसवल्या. १९६१ साली झुइहो-इन येथे त्याने वाळूच्या सऱ्या इतक्या खोल आणि उंच ओढायला लावल्या की तो सागर खवळलेला दिसतो. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने १९६२ साली र्‍योआन-जी पाहिली. पुढे १९८३ पासून त्याने पंधरा दगड कागदावर ठेवून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवत चित्रे केली आणि त्याच नावाच्या संगीतरचना लिहिल्या. त्या चित्रांत दगड नाहीत; त्यांच्या कडेने हात फिरल्याच्या रेषा तेवढ्या आहेत. दंताळे धरणाऱ्याची हालचाल केजला बरोबर दिसली होती असे मला वाटते.

आता त्या नदीविषयी थोडेसे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिराकावाच्या पात्रातून वाळू उपसण्यावर बंदी आली. वाळू उपसल्याने नदीचे काय होते हे आपल्याकडच्या कोणत्याही नदीकाठच्या माणसाला विचारावे. त्यानंतर डोंगरातला ग्रॅनाइट फोडून केलेली खडी किंवा इतर ठिकाणची खडी वापरात आली. नदीने घासून दिलेला कण आणि यंत्राने फोडलेला कण यांत जाणत्याच्या हाताला फरक कळतो. म्हणून बागेत आहे त्या जुन्या खडीला आता मोल आहे. पावसाने ती मातीत जाते, पायांनी आणि दंताळ्याने झिजते, पानांच्या कुजण्याने काळवंडते, तिच्यावर शेवाळाची हिरवी झाक चढते. तेव्हा ती उकरायची, चाळायची, धुवायची आणि पुन्हा पसरायची. आपल्याकडे धान्य पाखडतात तसेच हे काम. जे नदी फुकट देत होती ते आता माणसांना हातांनी राखावे लागते.

हे सगळे मी आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लिहिते आहे, कारण आपल्या इमारतीतही अशा काही जागा आहेत. मॉडेलिंगच्या वर्गातली माती सुट्टीतही सुकत नाही, कारण कोणी तरी तिच्यावर ओले गोणपाट टाकत असते आणि ती मळून ठेवत असते. छापखान्याच्या खोलीतले दगड आणि पाटे सोमवारी स्वच्छ मिळतात. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री भिंतींना चुना लागतो, खिळ्यांची भोके बुजतात, आणि सकाळी आपण त्या पांढऱ्या भिंतीवर आपले चित्र टांगतो. चित्राखालच्या चिठ्ठीवर आपले नाव असते. ती भिंत कोणी पांढरी केली हे चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत नाही, आणि ती पडावी असे कोणी म्हटले तर भिंत पांढरी करणारेच कदाचित संकोचतील. पण यंदा प्रदर्शनाच्या सूचीत शेवटच्या पानावर ही नावे छापायची असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे. नावे मिळवायला दोन दिवस लागले, कारण एका मामांचे आडनाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पांढरी जागा रिकामी असते असे आपण सहज म्हणतो. त्या अंगणात उलटे चालत जाणाऱ्या गृहस्थांना पाहिल्यावर मला तसे म्हणता येत नाही. ती जागा त्यांच्या पावलांनी भरलेली होती. त्यांनी ती पुसली एवढेच. आपण चित्रे काढणारे लोक आपल्या खुणा मागे ठेवण्यासाठी धडपडतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या कोऱ्यावर आपण खूण करतो तो कोणी तरी आपल्यासाठी राखलेला असतो, एवढे ध्यानात असले तर ब्रश टेकवताना हात थोडा सावकाश उतरेल आणि रेषाही बहुधा अधिक चांगली येईल.